मोडलेल्या सायकलीचा माघ

यंदा मोहोर लवकर आला. पौष संपायच्या आतच घरामागच्या कलमांवर पिवळट तुरे उभे राहिले. काल सकाळी अंगण झाडताना केरसुणीखाली मोहोराचा बारीक चुरा आला आणि बोटांना चिकटला. मी बोटं नाकाशी नेली. पहिल्यांदा आठवले ते आंबे नव्हेत. आठवला माझा उजवा गुडघा.

मोहोराच्या वासाला लोक गोड म्हणतात. मला तो थोडा तुरट, थोडा धुळकट वाटतो, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास नेहमी दबा धरून असतो: माशाच्या तेलाचा. आमची वाडी कुणकेश्वराच्या अलीकडे, समुद्राला लागून. वर कलमं, खाली होड्या. या दिवसांत वारा सकाळी जमिनीकडून येतो आणि दुपारी समुद्राकडून. त्यामुळे सकाळी घरात मोहोर असतो आणि दुपारी तेल. वाडीतल्या कुणाला या दोन वासांचं काही वाटत नाही. मला मात्र ते एकत्र आले की पाच वर्षांपूर्वीचा एक माघ आठवतो. त्या माघात माझी सायकल मोडली होती.

सायकल बायकांची, पुढे दांडी नसलेली, काळी. आप्पा, म्हणजे माझे वडील, मुंबईत पोस्टात होते. ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा आमच्या सामानाबरोबर तीही बोटीने आली. बोट देवगडला लांब उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी सगळं पडावातून किनाऱ्याला यायचं. सायकल दोरीला बांधून खाली सोडली तेव्हा पडाववाल्याने विचारलं की ही कुणाची. मी हात वर केला. तोंडाने काही बोलले नाही.

मुंबईला मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मला बोलायला शिकवलं ते इंग्रजीत आणि गप्प बसायला शिकवलं तेही इंग्रजीतच. गावी आल्यावर बोलणं निरुपयोगी झालं, गप्प बसणं तेवढं कामाला आलं. आई आणि आप्पा शेजाऱ्यांशी मालवणीत बोलायला लागले की मी ऐकत बसायची. समजायचं सगळं. पण उत्तर तयार होईपर्यंत गजाली, म्हणजे गप्पा, पुढे निघून गेलेल्या असायच्या. वाडीत माझ्याबद्दल दोन मतं होती. काही म्हणत चेडू, म्हणजे मुलगी, शिष्ट आहे, काही म्हणत मुकं आहे. मला दुसरं मत बरं वाटायचं, कारण मुक्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही.

मग जामसंड्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात अकरावीला इंग्रजी शिकवायला माणूस हवा झाला. तिथले मास्तर आजारपणाच्या रजेवर गेले होते आणि मुलांचं ते वर्ष मॅट्रिकचं होतं. हेडमास्तर स्वतः आमच्याकडे आले. आप्पा माझ्याकडे बघत राहिले, कारण मी त्यांच्या आधी हो म्हटलं होतं.

शाळा घरापासून साडेपाच मैल. वाडी सोडली की लगेच घाटी लागते. लाल मातीचा रस्ता चिऱ्यातून कापत तीन वळणं घेत वर चढतो आणि सड्यावर पोचतो. सड्यावरून पुढे वाट सपाट, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि वर नुसतं आभाळ. चढाला मला सायकलीवरून उतरावंच लागे. त्याच वेळी मासे विकायला निघालेल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन घाटी चढत असायच्या. त्यांच्यातल्या शेवंतीने एकदा मागून विचारलं, "गो बाय, सायकल तुका व्हरता, काय तू सायकलीक व्हरतंस?" कोण कुणाला नेतंय या प्रश्नावर सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मान खाली घालून. दुसऱ्या दिवसापासून पंधरा मिनिटं लवकर निघू लागले. तर त्याही लवकर निघू लागल्या.

सायकल घरी न्यायची सोय नव्हती. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत पाखाडी आहे, चिऱ्याच्या बेचाळीस पायऱ्या. म्हणून ती खाली बाबलकाकांच्या खोपीत राहायची. बाबलकाका एके काळी तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला, पण होड्या सुटल्या नव्हत्या. दिवसभर खोपीत बसून जाळी विणायची, कुणाची होडी कुठे गळते ते बघायचं, आणि होड्यांना तेल द्यायचं, हा त्यांचा उद्योग. मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. एका काळ्या डब्यात ते असायचं आणि त्याचा वास डबा उघडण्याआधीच येऊन पोचायचा. लाकूड खारं पाणी पितं, म्हणून त्याला आधी तेल पाजायचं, असं काका म्हणायचे.

माझ्याशी ते फार बोलत नसत. एवढ्याचसाठी ते मला आवडायचे. सायकल आत ठेवली की तिच्याकडे बघत, हँडलवरचा गंज नखाने खरवडत आणि समुद्राला दोन शिव्या देत. खारा वारा जसा होडीला खातो तसाच सायकलीलाही खातो, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. ते बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

माघातल्या एका रविवारी मी घरी होते. त्या दिवशी काकांनी सायकलीला तेल दिलं. सांध्यांना, दांड्यांना, मडगार्डला, आणि दोन्ही चाकांच्या लोखंडी कड्यांना आतून-बाहेरून. होडीला देतात तसं, फडक्याने, एकही जागा कोरडी न ठेवता.

सोमवारी सकाळी सायकल चमकत होती. वासाकडे माझं लक्ष गेलं नाही, कारण त्या खोपीत दुसरा वासच नसतो. सकाळी आधी चढ, मग सपाट सडा. शाळेच्या फाटकाशी पाय टेकून थांबायची माझी सवय, त्यामुळे ब्रेकवर हात गेलाच नाही. संध्याकाळी परत येताना घाटीच्या तोंडाशी मी नेहमीसारखा ब्रेक धरला. त्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक होते: मूठ दाबली की दांडी वर उचलली जाते आणि रबराचे गुटके चाकाच्या कडीला दाबून बसतात. दांड्या उचलल्या गेल्या. गुटके बसले. पण चाकाला ते कळलंच नाही.

पहिलं वळण मी घेतलं कसं ते मला माहीत नाही. दुसऱ्यावर पाय जमिनीला लावून बघितला, तर चपलेचा अंगठा तुटला. तिसऱ्या वळणावर चिऱ्याचा गडगा आहे, बुटकी भिंत. तो जवळ येताना मला अगदी स्पष्ट दिसला, त्याच्या फटीतून उगवलेल्या गवतासकट.

मग मी रस्त्यावर बसले होते. गुडघ्यातून रक्त येत होतं, मनगट सुजायला लागलं होतं. सायकलीचा पुढचा चिमटा मागे वळला होता, पुढचं चाक इंग्रजी आठासारखं झालं होतं, मागच्या चाकाचे आरे सुटून बाहेर आले होते. ते मागचं चाक अजून फिरत होतं. मी ते थांबवायला हात लावला आणि माझा तळवा कडीवरून सुळकन घसरला. बोटं नाकाशी नेली.

तेव्हाच मला सगळं समजलं. कुणी केलं, का केलं, किती मायेने केलं, सगळं.

रिकामी पाटी घेऊन परत येणाऱ्या शेवंतीने मला उठवलं. माझा हात खांद्यावर घेऊन घाटी उतरवली आणि वाटेत एकदाही चेष्टा केली नाही. तेव्हा मला कळलं की मला बरंच लागलेलं असणार.

पुढचे दिवस मनगटाला हळदीचा लेप बांधून मी माजघरात पडून होते. खिडकीतून कलमं दिसायची. मोहोर भरात होता आणि सकाळी धुकं पडत होतं. धुक्याने मोहोर काळवंडतो म्हणून आप्पा पहाटेच उठून झाडांखाली पाला पेटवून धूर करायचे. धुरात उभ्या असलेल्या आप्पांची आकृती अस्पष्ट दिसायची. ते झाडांची काळजी करताहेत की माझी, हे पाठीवरून ओळखू येत नसे.

अपघाताचं कारण प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारी म्हणाले, मुलीच्या जातीला सायकल झेपत नाही. आई म्हणाली, तिसऱ्या वळणावर वाटेची राखण करणाऱ्या देवचाराचं ठिकाण आहे आणि मी सहा महिने तिथून येत-जात होते, एक नारळसुद्धा ठेवला नव्हता. आप्पा चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले की सायकल आता पुरे. जामसंड्याच्या मेस्त्रीकडे पाठवून देऊ, त्याला सुट्ट्या भागांचा उपयोग होईल.

सायकल नाही म्हणजे शाळा नाही. रोजचे अकरा मैल चालणं शक्य नव्हतं, आणि एस्टी शाळेच्या वेळेला नव्हती. हेडमास्तरांची चिठ्ठी आली होती: महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारपर्यंत वाट बघतो, त्यानंतर कसालचे एक गृहस्थ यायला तयार आहेत. म्हणजे माझ्या हातात तीन आठवडे होते. त्या शाळेत मी काय मिळवत होते हे मला आप्पांना समजावता आलं नसतं. अकरावीच्या वर्गात तेहतीस मुलं होती. पहिल्या महिन्यात ती माझ्या मराठीला हसली, मी त्यांच्या इंग्रजीला हसले नाही, आणि त्यानंतर आमचं जमलं. दिवसाचे ते तीन तास सोडले तर मी कुठेच मोठ्याने बोलत नव्हते.

आप्पांना एवढंच सांगितलं असतं की चूक माझी नव्हती, तेलाची होती, तरी विषय मिटला असता. पण तेल म्हटलं की काकांचं नाव आलं. घाटी चढता-उतरताना सगळी वाडी काकांना ऐकवेल, बाबल तांडेलाने मास्तरणीला पाडली. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वादळातून परत आणलं, त्याला म्हातारपणी हे ऐकावं लागेल. मी गप्प बसले. गप्प बसणं मला येतच होतं.

गुरुवारी देवचाराला नारळ ठेवायचा ठरला. आणि गाऱ्हाणं घालायला आईने कुणाला बोलवावं, तर बाबलकाकांना.

तिसऱ्या वळणावर गडग्याच्या पायथ्याशी एक दगड आहे, त्याला शेंदूर लावलेला. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि समुद्रावर हाक मारतात तशा आवाजात सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा, तू ह्या वाटेचो धनी. आमचा चेडू रोज ह्या वाटेन शिकवूक जाता. तेच्या हातसून काय चुकला असात, आमच्या हातसून काय चुकला असात, ता सगळा पोटात घाल. तेची राखण कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आई म्हणाली.

माझ्या तोंडून ते दोन शब्द निघाले नाहीत. आमच्या हातून काय चुकलं असेल ते, असं काका म्हणत होते, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली मी ते काय आहे हे जाणत होते. नारळ फोडल्यावर खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "आता भियेव नको. सायकल नीट झाली काय मी हेका परत तेल लावतलंय. ह्या खेपेक दोन हात."

मी खोबरं चावत राहिले.

दुसऱ्या दिवशी नारळांची बैलगाडी जामसंड्याला निघाली होती. तिच्यावर सायकल चढवली. आप्पांचा निरोप होता की मेस्त्रीने ती ठेवून घ्यावी. निरोप घेऊन मीच गेले, मनगट गळ्यात बांधलेलं. मेस्त्री म्हणजे सदू मेस्त्री. चिंचेखाली एक टपरी, तिच्या छपराला टांगलेली चाकं, आणि त्या चाकांखाली बसलेला एक बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. मी तीन वेळा मनात वाक्य जुळवलं आणि मग म्हटलं, "ही दुरुस्त करायची आहे." आप्पांचा निरोप मी सांगितला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा निरोप गिळला.

मेस्त्रीने मागच्या चाकाच्या कडीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"होडी समजान तेल लायलात काय हेका, बाई?"

कुठेतरी लागलं असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. मग काम सांगायला लागले. चिमटा तापवून सरळ करता येईल, त्याला दगा नाही. पुढचं चाक नव्याने बांधायचं. मागचंही सगळे आरे काढून बांधायचं, म्हणजे मधला हब मोकळा होणारच. तेव्हा पाहिजे तर तो बदलून घ्यावा. त्यांनी आतून गोणपाटात गुंडाळलेली दोन पुडकी आणली.

एक हब गोव्याहून आलेल्या सायकलीचा होता. त्याच्या पोटातच ब्रेक. पायडल उलटं मारलं की चाक थांबतं, कडीशी संबंधच नाही. "सगळा आतल्या आत," मेस्त्री म्हणाले. "भायर तेल लागांदे नायतर पाणी." दुसरा हब तीन गिअरांचा. कुणा साहेबाच्या विलायती सायकलीतून निघालेला, पाच वर्षं पडून होता. त्याने चढ हलका होतो. एका चाकात दोन्ही बसत नाहीत, दोन्हींतला एकच. नाहीतर आपला जुना साधा हब आहेच, तोही चांगला आहे.

मी गोव्याच्या हबवर बोट ठेवलं. क्षणाचाही विचार केला नाही. कारण मला त्यात लोखंड दिसत नव्हतं, सुटका दिसत होती. ब्रेक आत गेला म्हणजे काका कडीला दोन हात देवोत की चार, माझं काही बिघडणार नाही. त्यांना काही सांगावं लागणार नाही. आप्पांनाही नाही. सगळं आतल्या आत.

मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मग दोन्ही पुडकी त्यांनी परत गुंडाळली.

"पण पुढचो ब्रेक मी काढूचंय नाय. चेन तुटली तर ह्यो गेलो, मगे पुढचोच एक वाली. आणि पुढची रिम कोरडी व्हयीच," ते म्हणाले. "ज्येणा तेल लायला, तेका आधी सांगा. मगे हब ठरवया."

येताना गाडी रिकामी होती. सड्यावरून ती दोन तास डुलत चालली आणि मी मागे पाय सोडून बसले. मला राग आला होता, आणि तो मेस्त्रीवर नव्हता. मला वाटत होतं की गप्प राहून मी एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळते आहे. खरं तर मी स्वतःला सांभाळत होते. कारण त्यांना न सांगता सायकल परत त्या खोपीत ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या गाडीत बसून कळलं. मी परत पडले असते. मग काकांचं नाव कधी ना कधी निघालंच असतं, आणि तेव्हा ते सांगणारी मी नसते.

वाक्य मी आधी इंग्रजीत तयार केलं. मग मराठीत. मग मालवणीत, कारण काकांना पुस्तकी मराठीत दोष दिला असता तर तो सरकारी कागदासारखा वाटला असता. मालवणीत मी तोवर पूर्ण वाक्य कुणाशीच बोलले नव्हते.

काका जाळं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर, तेलाच्या डब्याशेजारी बसले.

"काका, रिमेक तेल लागला म्हणून ब्रेक धरले नाय. तेच्यामुळे मी पडलंय."

विणायची लाकडी सुई थांबली नाही. दोन गाठी पडल्या, तिसरी पडली. मग त्यांनी विचारलं, "कवा समाजला तुका?"

"पडलंय तेवाच."

"म्हणजे नारळ ठेवताना तुका ठाऊक होता."

"होता."

त्यांनी सुई खाली ठेवली. मी उठून जायच्या बेतात होते, तेव्हा ते म्हणाले, "त्या देवचारावर उगाच आळ घातलो आमी."

ते हसत होते की नाही हे मला अजून सांगता येत नाही. आता काकांची नजर अधू झाली आहे, जाळं ते हातांनीच बघतात, आणि ती गोष्ट निघाली की तोंडभर हसतात. पण त्या दिवशीचा तो चेहरा निराळा होता. आपण ज्याची राखण करत होतो तेच आपल्या हातून फुटलं, हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. शेवटी त्यांनी विचारलं, "मगे तेल लावचा खंय, ता सांग." मी सांगितलं: साखळीला, आणि तेही मशीनचं. माशाचं तेल काही दिवसांनी डिंकासारखं घट्ट होतं. त्यांनी मान डोलावली, नवी गोष्ट शिकणाऱ्या मुलासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. पाखाडीवरून कुणीतरी हळूहळू वर येत होतं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत. बाबलकाका. गुडघे गेल्यापासून ते कधीच वर आले नव्हते. सणालाही त्यांचं ताट खाली जायचं. आप्पा धूर करत होते, ते फडक्याने डोळे पुसत पुढे आले.

काका बसलेसुद्धा नाहीत. "आप्पानू, चेडवाक कायएक बोलू नकात," ते म्हणाले. "चूक माजी. मी होडयेवानी तेल दिलंय. ब्रेक त्येनाच गेले."

आप्पांनी काकांना हाताला धरून ओटीवर बसवलं आणि आईला चहा टाकायला सांगितला. चहा पिऊन होईपर्यंत दोघे मोहोराबद्दल बोलत राहिले. काका पाखाडी उतरेपर्यंत आप्पा वर उभे राहून त्यांच्या पावलांकडे बघत होते. मग मला म्हणाले, "तुला माहीत होतं. मला का नाही सांगितलंस?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

आप्पा पुढे म्हणाले, "सायकल दुरुस्त करायला दिलीस तेही मला माहीत आहे. गाडीवाल्याने सांगितलं. ठीक आहे. ती आली की घाटी उतरून दाखव. मी खाली उभा राहीन. नीट उतरलीस तर सोमवारी जा. मध्ये पाय टेकलास, तर हा विषय आपण कायमचा सोडू."

मनगटाची सूज उतरल्यावर मी पुन्हा जामसंड्याला गेले तेव्हा शिवरात्रीची गर्दी सुरू झाली होती. कुणकेश्वराच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्यांची रांग, पायी निघालेली माणसं, खांद्यावर झोपलेली मुलं. सगळी वाट माझ्या उलट दिशेने वाहत होती. मेस्त्रीही जत्रेला जायच्या तयारीत होते. ठरला काय, त्यांनी विचारलं.

"गिअर," मी म्हटलं.

त्यांना मजा वाटली. म्हणाले, मागल्या खेपेला तर बाई ब्रेकाला मिठी मारून बसल्या होत्या. आता भीती सरली वाटतं.

"भीती आहे. पण चढ रोजचा आहे."

ते वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं. नंतर सड्यावरून परतताना मी त्याचा विचार करत होते. पडलेल्या माणसाने आधी ब्रेकचा विचार करावा हे शहाणपणाचं, आणि मेस्त्री गुटके नवे घालणार होते, कड्या राखेने घासून काढणार होते, दांड्या सरळ करणार होते. थांबायला तेवढं पुरेसं होतं. त्याहून जास्त थांबायची सोय मला नको होती. सहा महिने मी चढावर खाली उतरून, मान खाली घालून, सायकल ढकलत नेली होती. मला बसून वर जायचं होतं.

त्या गिअरने मला नंतर त्रास दिला नाही असं नाही. त्याची तार खाऱ्या हवेत आखडते, आणि या वर्षी तिसरा गिअर त्याच्या मनात येईल तेव्हाच लागतो. मेस्त्री म्हणतात, हब आता म्हातारा झाला, काढून साधा घालू. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सायकल हातात आली ती शिवरात्र उलटल्यावर, रविवारी. जत्रेहून परतलेले मेस्त्री अजून कपाळाला भस्म लावून होते. मी सड्यावरून निघाले. गवत पिवळं पडलं होतं, वारा पाठीमागून होता, गिअर बदलताना हबमधून बारीक टकटक आवाज येत होता. मनगट अजून दुखत होतं. घाटीच्या तोंडाशी मी थांबले आणि खाली बघितलं. तिसऱ्या वळणाच्या पलीकडे, रस्ता सरळ होतो तिथे, आप्पा छत्री मिटून उभे होते. त्यांच्या शेजारी गडग्यावर बाबलकाका बसले होते. आणखीही दोघं-चौघं होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी दोन्ही मुठी दाबून बघितल्या. मग पाय उचलले.

पहिल्या वळणाआधी ब्रेक धरला. रबर कडीवर घासल्याचा खरखरीत आवाज आला. इतका सुंदर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. चाकाने वेग सोडला. दुसरं वळण. डावीकडे समुद्र दिसला आणि गेला. तिसऱ्या वळणावर गडगा आला, तोच, तेच गवत. माझा डावा पाय पायडलवरून सुटू पाहत होता. माझ्या पायाला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. मी तो टाचेसकट खाली दाबला आणि ब्रेक ओढून धरला. खरखर वाढली, हँडल थरथरलं, गडगा उजवीकडून मागे सरकला.

आप्पांच्या समोर, हातभर अंतरावर मी थांबले, आणि मग पाय टेकला.

बाबलकाकांनी वाकून पुढच्या कडीवर बोट ओढलं, बोटाकडे बघितलं आणि ते धोतराला न पुसता तसंच वर धरून आप्पांना दाखवलं. कोरडं. आप्पांनी मान हलवली. माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, मग घाटीकडे.

"उद्या कितीला निघणार?" त्यांनी विचारलं.

"साडेनवाला."

"म्हणजे डबा नवाच्या आत हवा," आप्पा म्हणाले, आणि आईला सांगायला पाखाडी चढू लागले.